काळ्या मातीचे पाय

वऱ्हाडात वाढलेल्या पायाला दगडाची ओळख नसते. आमची काळी माती पावसाळ्यात चपलेला अशी धरते, की एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जाईस्तोवर माणूस चार बोटं उंच होतो. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि त्यात अडकून चपलेचा अंगठा तुटतो. दोन्ही ऋतूंत उपाय एकच, चपला हातात घ्यायच्या.

त्यामुळे अकोल्याच्या मित्राने ‘यंदा नरनाळा पाहू’ असा फोन केला, तेव्हा मी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. शहानूरच्या बाजूने गाडी वर जाते, पण गड शेवटी पायीच पाहावा लागतो. महाकाली दरवाजा, तट, तळी, नऊगजी तोफ, आणि मध्ये मुरूम, घसारा, सुटे धोंडे. चप्पल हातात घेऊन भागणार नव्हतं.

अमरावतीच्या बाजारात एका दुकानात सकाळी दहालाच पोचलो. दुकानदार म्हणाला, “काका, आता नोका घेऊ. दिवसभर फिरा अन् संध्याकाळी या. पाय फुगते.” गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला, म्हणून संध्याकाळी मुकाट्याने गेलो. त्याने जाडे मोजे घालायला लावले, दोन्ही पाय मापले आणि निकाल दिला, “उजवा आठ हाये, डावा साडेआठ अन् नवाच्या मधात हाये. मोठ्या पायाच्या हिशोबानं घ्या.” साठीला टेकल्यावर आपला डावा पाय उजव्यापेक्षा मोठा असल्याचं कळणं, हा धक्काच आहे. इतकी वर्षं मी दोघांना एकाच मापात कोंबत आलो आणि डाव्याने चकार शब्द काढला नाही.

मग त्याने एक फळी तिरकी लावली आणि तिच्यावरून उतरायला सांगितलं. चढताना सगळेच बूट चांगले वाटतात. उतरताना पाय पुढे सरकतो आणि अंगठा बुटाच्या नाकावर आपटत राहतो. दोन तास असं झालं की नख काळं पडतं. म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि मागे टाच मात्र उचलली जाता कामा नये. घोट्याच्या वर येणारा बूट, आडवा पिळला तरी सहज न वळणारा सोल, आणि सोलाखाली खोल खाचा. या खाचांमागे एक दुःख आहे. १९३५ साली आल्प्समध्ये इटलीच्या विताले ब्रामानीचे सहा सोबती दगावले. थंडीला आणि खडकाला त्यांचे बूट पुरे पडले नव्हते. त्यानंतर दोन वर्षांनी त्याने खाचांचा रबरी सोल काढला. त्या सोलाचं विब्रम हे नाव त्याच्याच नावातून आलं.

बुटांचं आणि आमच्या वऱ्हाडाचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीने २९ नोव्हेंबर १८०३ ला आताच्या अकोला जिल्ह्यातल्या आडगावला लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातला गाविलगड घेतला. त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या लोकांनी डोंगरातून वाट काढत तोफा ओढून नेल्या होत्या. हा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडनच्या मोच्याकडून त्याने आपल्या सोयीचे बूट बेतून घेतले, ते वेलिंग्टन बूट. त्यांना पुढे रबराचा अवतार मिळाला आणि ते गमबूट म्हणून आमच्याकडे परत आले. फवारणी करताना घाला म्हणून सांगतात, आम्ही घालत नाही. बुटांची कल्पना त्याला गाविलगडाच्या कातळावर ठेच लागून सुचली असावी, असं मला उगाच वाटतं. पुरावा काही नाही.

बूट घेतले. इतके नेमके बसले की घरात दोनदा घालून फिरलो आणि हिने फरशी दाखवली तेव्हा काढले. त्या वर्षी मित्राच्या पुतणीचं लग्न निघालं, बेत बारगळला. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा. मग कोरोना. महागाची वस्तू रोज वापरायची नसते, या घरातल्या जुन्या कायद्यानुसार बूट डांबराच्या गोळ्यांसह माळ्यावर गेले आणि सहा वर्षं तिथेच राहिले.

गेल्या हिवाळ्यात अखेर गेलो. वाटाड्या कोरकू पोरगा होता. त्याने माझ्या पायांकडे पाहून विचारलं, “नवे दिसतात?” मी अभिमानाने “हो” म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं. महाकाली दरवाजाशी मित्र मान वर करून १४८७ सालच्या शिलालेखाची अक्षरं लावत होता. मी एक पाऊल मागे सरकलो. पाऊल सरकलं, सोल तिथेच राहिला. पाचच मिनिटांत दुसऱ्यानेही मगरीसारखं तोंड उघडलं. आतला पांढरट थर पिठासारखा हाताला लागत होता.

तो थर पॉलियुरेथेनचा असतो. चालताना मऊ लागतो तो त्याच्यामुळेच. पण हवेतल्या ओलाव्याने तो आतल्या आत कुजतो, बूट पायात असो की माळ्यावर. डांबराच्या गोळ्या झुरळांसाठी असतात, रसायनशास्त्रासाठी नाही.

गड मेळघाटात, आणि मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प. बांधायला वेल तोडावी तर तीही सोय नाही. शेवटी रोडग्यांच्या पिशवीची सुतळी कामी आली. वाटाड्याने ती सोलाखालून काढून घोट्याला तीन वेढे दिले आणि अशी गाठ मारली की गाडीपर्यंत सुटली नाही. मित्र सबंध वाटभर हसला. त्याचे बूट मुलाचे, एक नंबर मोठे, तरी धड होते.

परत आल्यावर त्याच दुकानातून, संध्याकाळीच, दुसरा जोड आणला. तो घालून मी दूध आणायला जातो, भाजीला जातो, राजकमल चौकात चहाला जातो. लोक विचारतात, कुठे निघाले? मी म्हणतो, कोथिंबीर आणायला.

तुमचेही बूट माळ्यावर असतील तर आजच काढा. सोल दुमडून पाहा, कडेला नख लावा. पीठ निघालं, तर ते घेऊन गडाच्या पायथ्याशी जाऊ नका. आणि जाणारच असाल, तर सुतळी न्या.