संदर्भ : म्हाइंभट

आमच्या वऱ्हाडात आमदाराला पत्र लिहीत नाहीत, निवेदन देतात. पत्र एक माणूस लिहितो, दुसरा वाचतो. निवेदन अकरा माणसं धरतात आणि वाचत कोणीच नाही. फोटो पाहा : एक कागद, त्याला बावीस हात, आणि साहेबांची नजर कॅमेऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी पेपरात 'निवेदन देताना' छापून आलं की काम झालं. शेताकडे जायची पांदण नाही झाली, काम झालं.

परवा रिद्धपूरकडच्या एका काकांनी असाच कागद दाखवला. पहिल्या चार ओळी कार्यसम्राट, विकासपुरुष आणि गोरगरिबांचे कैवारी यांनी अडवलेल्या. मग 'वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की'. त्यानंतर समाजमंदिर, हायमास्ट दिवा, व्यायामशाळा, पुतण्याची बदली. पांदण सातव्या नंबरावर, तीही 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढ्यावर उरकलेली. तळाला 'प्रत माहितीस्तव : मा. पंतप्रधान'.

"काका, पांदण सातवी काऊन?"

"सुरुवातीलेच मांगणं बरं दिसत नाही ना भाऊ!"

आणि हे कुठं, तर मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात! महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या या गावी म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यांची रीत साधी होती. ज्याच्या डोळ्यांसमोर घडलं त्याला गाठायचं, विचारायचं, कुठं घडलं नि कोण काय बोललं ते लिहायचं. स्वामींबद्दल एवढी भक्ती, पण 'कार्यसम्राट' म्हणायची गरज पडली नाही. पंथातलेच केशोबास संस्कृतात लिहायला निघाले, तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृत झालं तर आपल्या म्हाताऱ्या बायांना काय कळणार, ही त्यांची चिंता. 'वरील विषयान्वये' वाचून त्यांनी लेखणीच हिसकावली असती.

मी काकांचं निवेदन म्हाइंभटी रीतीनं लिहून काढलं. पांदण अमुक गटापासून तमुक गटापर्यंत. परतीच्या पावसात आंबिया बहाराची संत्र्याची गाडी इथं फसली, ट्रॅक्टरनं ओढली, निम्मा माल चिखलात गेला. त्या दिवशी हजर असलेल्यांची नावं. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव. मागणी एकच : ही पांदण शेतरस्त्यांच्या योजनेत घ्या, आणि घेता येत नसेल तर का नाही ते लेखी कळवा. सहा ओळी. पुतण्या वगळला.

पत्र गेल्यावर उत्तर येतं, नाही असं नाही. पण ते सकळ लिपीत येतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उकलेपर्यंत बाहेरच्याला अक्षर लागत नव्हतं. सरकारी लिपीला तिचा राजवाडे अजून भेटायचा आहे. माझ्यापुरती थोडी उकल झाली आहे. 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित' म्हणजे टेबल बदललं. 'तपासून सादर करावे' म्हणजे तेच टेबल, नवा माणूस. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' म्हणजे तुमच्या नातवाला विचारा. या सगळ्यात वाचता येतो तो एकच मजकूर, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का. तो आपल्या प्रतीवर घ्यायचा. फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त एका टेबलावर पडू नये, असा आपल्या राज्याचा 2005 चा कायदा आहे. त्याच साली माहितीचा अधिकारही आला. शिक्का नसला तर हे दोन्ही कायदे फ्रेम करून भिंतीला टांगायचे.

पत्रांनी काही होत नाही असंही नाही. मराठीच्या अभिजात दर्जासाठी महाराष्ट्र साहित्य परिषदेनं आणि तिच्या साताऱ्यातल्या शाहूपुरी शाखेनं पंतप्रधानांना लाखभर पत्रं धाडायची मोहीम काढली. त्यासाठी नेमलेल्या पठारे समितीचा अहवाल 2013 चा, दर्जा मिळाला 3 ऑक्टोबर 2024 ला. मधली वर्षं बहुधा 'उचित कार्यवाहीस्तव' गेली. मराठी विद्यापीठाची घोषणाही राज्याच्या 2023 च्या अर्थसंकल्पात झाली, आणि ते विद्यापीठही इथलंच, रिद्धपूरचं. माझी विद्यापीठाला एकच नम्र सूचना (निवेदन नव्हे) : पहिल्या सत्राच्या पहिल्या पेपरात पांदणीसाठी सहा ओळी लिहायला लावा. विशेषण वापरलं की गुण कापा.

काकांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला. मागची बाजू कोरी आहे याची खात्री केली.

"हे तं लयच लहान झालं, भाऊ. अकरा जनायनं धरावं कुठून?"