जुनी सागवानी खुर्ची कोणी केली : दाजींसाठी नियमावली

नियम पहिला. दाजींना आधी बोलू द्यावं. नगरात जुनं सागवानी काहीही दिसलं की ते ‘ब्रिटिश’, हे त्यांनी भिंगारच्या छावणीकडे बोट दाखवून कधीच ठरवून टाकलंय. साहेब घाईत गेला, सामान लिलावात निघालं, ते आपल्या लोकांनी घेतलं. त्यांनी आजवर ‘ब्रिटिश’ ठरवलेल्या खुर्च्या खरोखर त्या छावणीत असत्या, तर पलटणीला कवायतीला जागा उरली नसती. हल्ली मोबाईलवर काहीबाही बघून ते ‘डॅनिश’ असंही म्हणू लागलेत.

नियम दुसरा. डेन्मार्कात साग उगवत नाही. हान्स वेग्नर, फिन यूल या तिथल्या नामवंतांच्या सागवानी खुर्च्यांचं लाकूड आपल्याच बाजूचं, ब्रह्मदेश-सयामचं. तिकडच्या कारखान्याचा शिक्का बहुधा बैठकीच्या खाली असतो. तेव्हा खुर्ची उलटी करावी. शिक्का निघाला तर दाजींची माफी मागावी. अजून तशी वेळ आलेली नाही.

नियम तिसरा. पाठीवर ऑइलपेंटने लिहिलेलं नाव मालकाचं असतं, करणाऱ्याचं नव्हे. तरी ते वाचावं. ‘लोकल बोर्ड’ असेल तर खुर्ची १९६२च्या आधीची, कारण त्या वर्षी १ मेला जिल्हा परिषदा आल्या. ‘जि. प.’ असेल तर रंग नंतरचा. खुर्ची कितीही जुनी असू शकते. ‘अहिल्यानगर’ लिहिलेली ब्रिटिशकालीन खुर्ची मात्र घेऊ नये, ते नाव २०२४चं. चंदीगडच्या कचेऱ्यांतून मोडीत निघालेल्या पिएर जानरेच्या सागवानी खुर्च्यांवर अशीच खात्यांची अक्षरं असतात. परदेशी लिलावात तीच अक्षरं अस्सलपणाचा पुरावा ठरतात आणि बोली लाखांत जाते. आमच्या ‘जि. प.’ला हा मान अजून मिळालेला नाही. दाजी प्रयत्नात आहेत.

नियम चौथा, आणि खरा एवढाच. बॅटरी घेऊन जमिनीवर आडवं व्हावं, खालून बघावं. वरून रंधा गुळगुळीत मारलेला असतो, खाली मिस्त्रीने हात आखडलेला असतो, आणि तिथेच तो सापडतो. करवतीच्या रेघा सरळ, जरा हेलकावणाऱ्या असतील तर फळी हाताने चिरलेली. कमानीसारख्या असतील तर वखारीतल्या गोल करवतीची. फुलीचा स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाला; तो मूळचाच असेल, मागाहून दुरुस्तीत ठोकलेला नसेल, तर खुर्ची त्याआधीची नाही. चांगल्या कामात स्क्रू दिसतच नाही. कूस सालीत घट्ट बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली असते. सांध्याजवळ पटाशीच्या बारीक खाचा दिसतील : एक, दोन, तीन. कोणता पाय कोणत्या पट्टीला जोडायचा, याची ती मिस्त्रीची खूण. दाजी त्यांना रोमन आकडे म्हणतात.

नियम पाचवा. वखारवाल्याला विचारू नये. त्याच्याकडे अल्लापल्लीचा सागही ‘बर्मा’च असतो.

नियम सहावा. मग केली कोणी? बहुतेक वेळा गावच्या सुताराने. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) तो बलुतेदार म्हणून भेटतो. नांगर, तिफण, कुळव नीट ठेवायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. कुणाच्या हौसेपायी त्याने कधी खुर्ची केली, तर तिच्यावर नाव कशाला घालील? कोणाची ते अख्ख्या गावाला माहीत! आता ते माहीत असणारं कोणी उरलं नाही, म्हणून आम्ही बॅटऱ्या घेऊन पालथे पडतो. आणि दाजीच तेवढे माझ्याबरोबर पडतात, गुडघे दुखत असताना, हेही इथे नोंदवायला हवं.

पोटनियम. घाट अगदीच साहेबी असला तरी हुरळून जाऊ नये. नगरात अमेरिकन मराठी मिशनची सर दिनशा पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा होती. तिथे इथल्याच पोरांना सुतारकाम शिकवत. तेव्हा साहेबी दिसणारी खुर्ची नगरच्या पोराचीही असू शकते, हे मी दाजींना नीट समजावून सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं. तेव्हापासून ते ‘अमेरिकन’ म्हणतात.