म्हणे अभ्यासाला मॉनिटर हवा!

वहिनी, त्या कुरडया राहू द्या जरा, इकडे या कुंपणाशी. काल रात्री तुमच्याकडे चाललं होतं ते मॉनिटरवरूनच ना? मुद्दाम नाही हो ऐकलं, खिडकी उघडी होती आणि तुमच्या धाकट्याचा आवाज काय लपून राहतो? १६५ हर्ट्झ, कर्व्हड, एक मिलिसेकंद... आणि हे सगळं म्हणे अभ्यासासाठी! बारावीच्या अभ्यासाला कधीपासून १६५ हर्ट्झ लागायला लागले? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? गेम खेळायच्यात म्हणावं, सरळ सांग.

पण मॉनिटर समोर ठेवून खरं बसणार कोण? तुमची सूनबाई. आठवड्यातून तीन दिवस घरून काम, तेही त्या चौदा इंची लॅपटॉपवर मान खाली घालून, एक्सेलचे ते लांबलचक तक्ते. मानेला पट्टा लावलेला मी पाहिला हो परवा. आणि बजेट किती म्हणालात? दहा हजार, वर एक रुपया नाही. मग झालं तर. दहा हजारांत धाकट्याची यादी पुरी होवो न होवो, सूनबाईची गरज मात्र भागेल.

ते कोपऱ्यावरच्या वकिलांचं कळलं ना? नाही? अहो, दिवाळीच्या सेलमध्ये ३२ इंची टीव्ही घेतला. "मॉनिटरचा मॉनिटर आणि टीव्हीचा टीव्ही, किंमत तीच," असं गल्लीभर सांगत होते. मग एक दिवस मलाच बोलावणं आलं, अक्षरं अशी का दिसतात बघा म्हणून. बघते तर कडा विसकटलेल्या, आणि खालची पट्टी पडद्याबाहेर अर्धी कापलेली. ती पट्टी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' करून आणली जागेवर. पण अक्षरांचं काय करणार? खोक्यावर मोठ्या दिमाखात 'एचडी रेडी'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! एचडी रेडी म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, सगळे मिळून साडेदहा लाख. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. वकीलसाहेबांनी पडदा घेतला पावणेदोन पट मोठा आणि त्यावर ठिपके निम्मे. अंगणभर रांगोळी काढायची आणि ठिपके टाकायचे देव्हाऱ्यापुढच्या चौकोनापुरते, मग पाकळ्या कशा जुळणार? सिनेमा बघायला तो टीव्ही उत्तम आहे, दहा फुटांवरून. हातभर अंतरावरून वकिलीचे कागद वाचायला नाही.

मला हे कळतं ते प्रश्नपत्रिकांमुळे. दिवसभर डीटीपी करायचं म्हणजे सगळी लढाई अनुस्वार, रफार आणि र्‍हस्व-दीर्घाची. छापील मापाचं दहा पॉइंटचं अक्षर त्याच मापात पडद्यावर आणलं, तर चोवीस इंची फुल एचडीवर त्याच्या वाट्याला उंचीला तेरा ठिपके येतात. त्या तेरांत वरची मात्रा, शिरोरेषा, अक्षर आणि खालचा उकार एवढं सगळं बसवायचं. तोच फुल एचडी पडदा सत्तावीस इंची घेतला तर अकराच. आणि वकिलांच्या टीव्हीवर सातसुद्धा नाहीत! सात ठिपक्यांत 'र्ट्रा' काढून दाखवा बरं कुणी. इंग्रजीवाल्यांचं एक वेळ निभावतं, आपल्या अक्षरांना वरखाली पसारा फार.

म्हणून सांगते, दुकानदार सत्तावीस इंचाकडे ओढेल, "मॅडम, थोडेच जास्त पडतात" म्हणेल. ठाम राहायचं. सत्तावीस घ्यायचा तर २५६० बाय १४४० चा, आणि तो तुमच्या दहा हजारांत बसत नाही. बजेटात बसतो तो सत्तावीस म्हणजे तेच वीस लाख ठिपके ताणून बसवलेले. लांबून बघणाऱ्याला ठीक, पण सूनबाईला एक्सेलचा एकही रकाना जास्त दिसणार नाही, नुसते आकडे जाड होतील. चोवीसच घ्या. खोक्यावर बहुतेक २३.८ इंच किंवा ६०.५ सेंटिमीटर लिहिलेलं असेल. त्यात फसवणूक नाही, चोवीस म्हणून विकतात ते तेवढेच असतात. आणि हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं, बरं का. टेबलावर रुंदीला साधारण ५३ सेंटिमीटर धरा. शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर सहज मावेल.

पॅनेल विचारा, आयपीएसच मागा. म्हणजे काय? हिताची कंपनीने १९९६ मध्ये काढलेली पद्धत आहे ती, बाजूने बघितलं तरी रंग पालटत नाहीत. जुन्या स्वस्त टीएन पडद्यांचं आठवतंय? जरा खुर्चीत घसरून बसलं की समोरच्या फोटोतली माणसं काळीनिळी. व्हीए म्हणून तिसरा प्रकार आहे, त्यात काळा रंग छान गडद येतो, सिनेमाला बरा. पण बऱ्याच स्वस्त व्हीएवर पान भराभर वर सरकवलं की काळी अक्षरं मागे सावली सोडत जातात. दिवसभर तक्ते वरखाली करणाऱ्याला तो वैताग. दुकानात उभं राहून, बसून, बाजूने बघा. लोक हसले तर हसू देत.

धाकट्याच्या हर्ट्झचं म्हणाल तर त्याचंही तोंड बंद होईल. हल्ली आठ-नऊ हजारांतल्या साध्या मॉनिटरलाही १०० हर्ट्झ असतात, पूर्वी साठ असायचे. पान सरकताना डोळ्यांना फरक जाणवतो, खोटं नाही. पण १६५ साठी वर पैसे मोजायचे आणि लॅपटॉपचं ग्राफिक्स गेममध्ये तेवढी चित्रं सहसा पुरवू शकत नाही, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. उद्या हाच मुलगा म्हणेल, आता ग्राफिक्स कार्डवालं मशीन घ्या! एक मिलिसेकंदाचंही तसंच. तो आकडा पुष्कळदा मागचा दिवा झपाझप उघडझाप करून मिळवलेला असतो, ते चालू केलं की पडदा मंद होतो. आणि चोवीस इंचाला वक्राकार कशाला हो? चौतीस इंची लांबट पडद्याची दोन्ही टोकं नजरेत यावीत म्हणून ती वाकवतात. इथे टोकं आहेत कुठे लांब?

अजून एक ऐका. दुकानदार म्हणेल, जीएसटी उतरला, आता स्वस्त झालेत. उतरला तो खरा, २२ सप्टेंबर २०२५ पासून, अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला. पण तो ३२ इंचांच्या वरच्यांवर. ३२ पर्यंतच्यांवर आधीपासून अठराच होता. तुमच्या चोवीस इंचाला त्या कपातीतली दमडी मिळालेली नाही. एवढं एक वाक्य टाका, मग बघा तो कसा सरळ भावावर येतो!

काय म्हणालात, लॅमिंग्टन रोडवर जुना? भाऊजी जाणार आहेत का? बदलापूरहून दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. जाऊ देत की, त्यांनाही फिरणं. आता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही लॅमिंग्टनच म्हणतात. कोण होता हा लॅमिंग्टन, माहीत आहे? मुंबईचा गव्हर्नर. उधमसिंगांनी १९४० मध्ये लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये ओडवायरवर गोळ्या झाडल्या ना, तेव्हा व्यासपीठाकडे हाही होता, जखमी झाला. आमच्या ह्यांनी सांगितलं, ह्यांना असलं सगळं ठाऊक. घरातला फ्यूज कुठे असतो ते तेवढं नाही.

तर जुना माल. कंपन्या आपली ऑफिसं बदलताना शेकड्यांनी मॉनिटर काढतात, तो तिथे येतो. त्याचा एक मोठा फायदा असतो, वरखाली होणारा स्टँड. नव्या स्वस्तातल्याला तो सहसा नसतो, मान फक्त पुढेमागे कलते. पण भाऊजींना सांगा, लॅपटॉप सोबत न्या, चालू करून बघितल्याशिवाय पैसे काढू नका. पडदाभर पांढरा रंग लावला की पिवळे पडलेले कोपरे दिसतात, काळा लावला की कडेने झिरपणारा उजेड. मग लाल, हिरवा, निळा एकेक लावून मेलेला ठिपका शोधायचा. मागे नुसतं व्हीजीएचं भोक असेल तर हात जोडून पुढे चला. आणि हे महत्त्वाचं, उल्हास नदीचं पाणी आपल्याकडे किती घरांत शिरलंय हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच वांगणीच्या अलीकडे पाण्यात अडकली होती. म्हणून इथल्या इथे कुणी "आमचा पडून आहे, दोन हजारांत न्या" म्हणालं, तर आधी मागच्या जाळीत टॉर्च मारून चिखल बघा. आपली ओळखीची माणसं आहेत, तरी बघा.

मी म्हणाल तर नवाच घेईन. तीन वर्षांची वॉरंटी पुष्कळ कंपन्या देतात. माणूस घरी येतो की आपण खोकं उचलून कल्याणला न्यायचं, एवढं विचारून घ्या. एखाददुसऱ्या मेलेल्या ठिपक्यासाठी वॉरंटीत मॉनिटर सहसा बदलून मिळत नाही, म्हणून आणल्या दिवशीच लाल-हिरवा-निळा लावून बघायचं आणि बदलून द्यायची मुदत संपायच्या आत ओरडायचं. खोकं तोवर माळ्यावर टाकू नका, आणि भंगारवाल्याला तर नकोच.

उंचीसाठी पैसे घालवू नका. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, किंवा किंचित खाली, आणि पडदा हातभर लांब. माझ्या मॉनिटरखाली जुने दिवाळी अंकच आहेत, तसा एक गठ्ठा देते तुम्हाला, वाचून झालेत. फक्त मागे चार भोकं आहेत ना, १०० बाय १०० मिलिमीटरवर, ते बघून घ्या. उद्या हातात चार पैसे आले की भिंतीवरचा दांडा लावता येईल. सूनबाईची मान दुखली की तुमच्याच घरचा स्वयंपाक अडतो वहिनी, रागावू नका, पण काल तिचा चेहरा बघवत नव्हता.

खोक्यात एचडीएमआय केबल आहे का तेही तिथेच उघडून बघायला सांगा. काही जण नुसती व्हीजीएची टाकतात आणि मग केबलचे वेगळे चारशे सांगतात. फुकट मागायची, खुशाल हुज्जत घालायची. नाहीच दिली तर माझ्याकडे जास्तीची पडून आहे, पण हे भाऊजींना आत्ता सांगू नका, नाहीतर ते मागणारच नाहीत.