एकसारखं वाकडं

तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेले गृहस्थ संध्याकाळी बाकावर शेजारी टेकले आणि त्यांनी विचारलं, "आपण कुठं होतात?" म्हटलं, "भोसरीत. कॅम ग्राइंडिंगला." त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. दाराबाहेर कॅमेरा बसवायचा होता, किती खर्च येईल?

त्यांचा काय दोष! माझा स्वतःचा नातू शाळेत सांगून आलाय, की आजोबा वेबकॅम घासायचे.

खरं म्हणजे मी घासायचो ते कॅमशाफ्ट. इंजिनाच्या पोटात हातभर लांबीचा एक दांडा असतो आणि त्यावर ठरावीक अंतरानं अंड्याच्या आकाराचे उंचवटे. एकाचं टोक आकाशाकडं, दुसऱ्याचं जमिनीकडं, तिसऱ्याचं भलतीकडंच. या उंचवट्यांना लोब म्हणतात. दांडा फिरतो, लोबचं टोक येऊन व्हॉल्व्हला दाबतं, व्हॉल्व्ह उघडतो. टोक पुढं गेलं की स्प्रिंग त्याला मिटवते. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा याची एक होते. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या मारत असेल, तर हा 1500 मारतो. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. घरी मला एक दार दिवसातून दोनदा आवाज न करता लावता येत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे.

या लोबना शेवटचा आकार द्यायचा तो दगडानं, म्हणजे ग्राइंडिंग व्हीलनं. जगातली बहुतेक ग्राइंडिंग मशिनं वस्तू गोल करण्यासाठी झटतात. आमच्या शेजारच्या लायनीत शाफ्ट गोल व्हायचे, पिना गोल व्हायच्या. ती माणसं गोलाईत दोन मायक्रॉनचा फरक आला की हळहळायची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हळहळ किती बारीक होती ते समजा. आणि आमचं मशीन तेवढ्याच काळजीनं वस्तू वाकडी करायचं. जेवणाच्या सुट्टीत ते आम्हाला "वाकड्या खात्यातले" म्हणायचे.

लग्नानंतर बायकोनं केलेली पहिली पोळी ताटात पडली तेव्हा मला राहवलं नाही. एका बाजूनं छान गोल आणि दुसऱ्या बाजूला नाक. मी म्हणालो, "अगं, ही तर आमची लोब झाली! हा बेस सर्कल, ही कूस, आणि हे नोज." आई हसली. बायको हसली नाही. तिनं दुसरी पोळी आणून वाढली. तिला नाक भलत्याच बाजूला होतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अहो, तुमच्यासारखं दरवेळी एकसारखं वाकडं नाही जमत मला."

माझ्या धंद्याची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळाली नाही. वाकडं कोणीही करतं. हजार वेळा तेच वाकडं, अंशाअंशाला ठरलेल्या उंचीचं, हे अवघड. व्हॉल्व्हला एकदम धक्का बसू नये म्हणून नाक चढण्याआधी लोबला एक अगदी मंद चढ दिलेला असतो, त्याला रॅम्प म्हणतात. दार ढकलण्याआधी कडी वाजवावी तसा. तो चढ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण बिघडला की इंजिन ओरडून सांगतं. गॅरेजवाला कान देऊन म्हणतो, "टॅपेट वाजतंय."

मी लागलो तेव्हाचं मशीन जुन्या पद्धतीचं होतं. कॅमशाफ्ट दोन सेंटरमध्ये धरायचा, आणि तो सगळा पलंगच मागं-पुढं झुलायचा. त्याचं नावही क्रेडल, म्हणजे पाळणा. झुलवायचा तो मास्टर कॅम. प्रत्येक लोबचा एक मास्टर. तो एका रोलरवर टेकून फिरणार, त्याच्या चढ-उतारानं पाळणा झुलणार आणि झुलता झुलता समोरच्या दगडावर जॉबला, म्हणजे घासायच्या शाफ्टला, तसाच आकार येणार. गुरूनं मान हलवायची आणि शिष्यानं तशीच हलवायची, ही आपल्याकडची जुनीच पद्धत.

पण यात तिसरा एक प्राणी असतो, दगड. तो झिजतो. नवं व्हील 600 मिलिमीटरचं, वापरता वापरता 500 वर येतं. मोठं चाक लोबच्या कुशीला एका जागी टेकतं, लहान चाक किंचित वेगळ्या जागी. त्यामुळं मास्टर अगदी बरोबर असूनही, दगड बारीक झाला की जॉबची कूस बिघडत जाते. म्हणून आमच्याकडं मास्टरचे दोन संच होते, मोठ्या दगडाचा वेगळा आणि झिजलेल्याचा वेगळा. बी.एड. झालेल्या माझ्या मेव्हण्याला हे सांगितलं, तर तो बराच वेळ गप्प बसला.

दगड नुसता झिजत नाही, गुळगुळीतही होतो. मग तो कापत नाही, नुसता रगडतो. तेव्हा हिऱ्याच्या टोकानं त्याचं तोंड पुन्हा खरखरीत करायचं, याला ड्रेसिंग म्हणतात. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. लहानपणी गल्लीत बाया यायच्या, "टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ" करत. आई पाटा बाहेर काढून द्यायची. छिन्नीनं टकटक करून त्या पाट्याला पुन्हा दात आणायच्या आणि त्या दिवशीची चटणी जरा कचकचीत लागायची. ड्रेसिंगनंतरचा पहिला जॉबही तसाच कचकचीत निघतो. त्याला बाजूला ठेवावं लागतं.

एकदा माझ्याकडून तो बाजूला ठेवायचा राहिला. त्याहून वाईट म्हणजे, एका शनिवारी घरी जायची घाई म्हणून ड्रेसिंगच टाळलं. लोब एकाच वेगानं फिरत असली तरी कुशीवर दगडाचा स्पर्श भरभर सरकतो आणि उष्णता तिथंच साचते. दगड बोथट, कूलंटची धार जरा तिरकी. ट्रेमधल्या अठरा शाफ्टच्या कुशीवर फिकट तपकिरी पट्टे उमटले, करपलेल्या भाकरीसारखे. चार्जहँड आले, एकेक शाफ्ट उजेडात धरून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "आज जेवायला काय होतं घरी?" त्यानंतर मला कोणी रागावलं नाही. तो प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र खात्यात वर्षभर चालू राहिली.

हा सगळा उद्योग सुरू झाला त्यात चार्ल्स नॉर्टन नावाच्या अमेरिकन माणसाचा मोठा हात. तोपर्यंत दगडाचं काम शेवटी थोडं घासून देण्यापुरतं, असं मानत. नॉर्टनचं म्हणणं, की रुंद दगड आणि दणकट मशीन द्या, उत्पादनच घासून काढतो. ज्या कंपनीत होता तिथं हे पटेना. मग 1900 साली वूस्टर गावातल्या नॉर्टन याच नावाच्या दगड बनवणाऱ्या कंपनीनं त्याच्या मागं पैसे उभे केले. गंमत म्हणजे दोन्ही नॉर्टन एकमेकांचे कोणी नव्हेत. आपल्याकडं दोन कुलकर्णी भेटले तर आधी गाव आणि कुलदैवत जुळवून बघतील, तिथं सरळ मशीन बांधायला घेतलं. क्रँकशाफ्टचं पाच तासांचं काम त्याच्या मशिननं पंधरा मिनिटांवर आणलं. कॅम घासणारी मशिनं त्यामागोमाग, 1910 नंतरच्या दोन-तीन वर्षांत आली, आणि मोटारी त्यानंतर शेकड्यांनी नाही, लाखांनी निघू लागल्या.

माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात सीएनसी आलं आणि मास्टर कॅम गेले. आता पाळणा झुलत नाही. जॉब जागेवर फिरतो आणि दगडच त्याच्याशी ताल धरून पुढं-मागं होतो. आकार काँप्युटरमध्ये आकड्यांत भरलेला. दगडही बदलला, सीबीएनचा झाला. 1957 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वेंटॉर्फनं बनवलेला हा पदार्थ कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. हिराच का नको, तर हिरा म्हणजे कार्बन. तापला की लोखंडात विरघळू लागतो. सीबीएन इतका सावकाश झिजतो, की मास्टरच्या दोन संचांची गोष्ट नव्या पोरांना सांगितली तर ती सौजन्यानं ऐकतात.

सोलापूरला भाच्याच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा कळलं की तिथं 1992 पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना उभा आहे आणि तिथले कॅमशाफ्ट परदेशी मोटारींत जातात. व्याही म्हणाले, "चादरीच्या गावात हे कुठून?" मला त्यात नवल वाटलं नाही. यंत्रमागावर धोट्याला टोला कोण देतं? कॅमच की. सोलापूरचे कान या आवाजाला आधीपासून सरावलेले होते.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. इतकी वर्षं कॅमशाफ्ट घासायला मी ज्या गाडीवरून गेलो, तिला कॅमशाफ्ट नव्हता. नंबर लावून, वाट बघून मिळालेली बजाज चेतक, दोन-स्ट्रोक. तिला व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाही, काही नाही. सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांवर पिस्टनच वर-खाली होऊन भागवतो. मध्यंतरी चार-स्ट्रोक चेतकही निघाली, पण तोवर माझी जुनी तिरकी करून, किक मारून चालू करायची सवय पक्की झाली होती. आता मुलानं नवी चेतक आणली, 2020 पासून निघाली ती विजेवरची. तिलाही नाही.

परवा तिच्या मागं बसून नाशिक फाट्याकडं चाललो होतो. सिग्नलला थांबलो. मुलानं गाडी बंद केली की चालू आहे हेच कळेना. शेजारी एक जुनी बुलेट येऊन उभी राहिली, वर वीस-बावीस वर्षांचं पोरगं. मी न राहवून वाकलो आणि म्हणालो, "अरे, टॅपेट वाजतंय तुझं."

पोरगं खूश होऊन म्हणालं, "हो ना काका? त्या आवाजासाठीच तर घेतली."

सिग्नल सुटला.