टाकीचे पुनर्वसन

गोड्या पाण्याची घरगुती मत्स्यटाकी म्हणजे साधारणतः दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी असून, ती काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर आणि खडी, झाडे व वरची मोकळी जागा वजा जाता चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी तिच्यात मावते. छत्रपती संभाजीनगरात अशा टाक्या मे महिन्याच्या अखेरीस पुष्कळदा रिकाम्या आढळतात. पारा चाळिशीपलीकडे गेला की टाकीतील पाणीही तापते, आणि २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकत असला तरी ३० अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो; त्यात वीज गेली की हवेचा पंप थांबतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, ज्याचा अर्थ ‘भूक लागली’ असा लावून घरातील मंडळी आणखी खाद्य टाकतात. टाकी रिकामी होण्याचे शेवटचे कारण बहुधा हेच असते.

पुढील संवादातील पात्रांना नावे नाहीत, कारण ती व्यक्ती नसून प्रकार आहेत. पहिला प्रकार गृहस्थाचा : त्याची टाकी नुकतीच ओस पडलेली असते आणि घरी पाहुणे यायचे असल्यामुळे ती रविवारच्या आत भरायची असते. दुसरा विक्रेत्याचा, ज्याच्या तोंडून ‘हा मासा नेऊ नका’ हे वाक्य आजवर कोणी ऐकलेले नाही. तिसरा सेवानिवृत्त शिक्षकाचा. हा शहरातील प्रत्येक मत्स्यदुकानात उभा असतो, काहीही विकत घेत नाही आणि दुकानदाराला त्याला बाहेरही काढता येत नाही, कारण दुकानदार त्याचा माजी विद्यार्थी असतो. चौथे पात्र आरोग्यसेविकेचे असून तिचा प्रवेश उशिरा होतो. अशा दुकानांतील मूळ बोली मराठी आणि दख्खनी यांच्या सरमिसळीची असते. येथे तिला प्रमाण मराठीचा सदरा घातला आहे, आणि तो काही ठिकाणी सैल झाला असल्यास त्यास इलाज नाही.

गृहस्थ : टाकी स्वच्छ करून ठेवली आहे. खडी धुण्याच्या पावडरीने घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र केला, आणि काच तर अशी झाली आहे की आत पाणी आहे की नाही हे पाहुण्यांना हात घालून पाहावे लागेल. आता फक्त मासे हवेत.

विक्रेता : मासे भरपूर आहेत, साहेब. किती देऊ?

सेवानिवृत्त : (हातातील पिशवी खाली ठेवीत, जी या प्रकारात संभाषण लांबणार असल्याची खूण असते) स्पंज पांढरा केला म्हणता? म्हणजे टाकीत जे जिवंत होते तेही संपवलेत.

गृहस्थ : जिवंत काहीच उरले नव्हते, सर. शेवटचा गोल्ड फिश अक्षय तृतीयेलाच गेला.

सेवानिवृत्त : गेला तो मासा. राहिले होते ते जिवाणू.

येथे खुलासा आवश्यक आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो, जो अल्प प्रमाणातही माशाला विषारी असतो. फिल्टरचा स्पंज व खडी यांवर वाढणाऱ्या जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो, जे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे बरेच निरुपद्रवी असून झाडांना खत म्हणून चालते. या साखळीला नत्रचक्र म्हणतात. नव्या टाकीत ते बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि क्लोरीनयुक्त नळाखाली स्पंज पिळल्यास ते दोन मिनिटांत मोडता येते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावा हा नियम म्हणूनच आहे. परंतु स्वच्छतेची आवड असलेल्या घरांत तो पाळला जाणे कठीण असते.

गृहस्थ : म्हणजे पाहुण्यांना जिवाणू दाखवायचे?

सेवानिवृत्त : ते दिसत नाहीत, एवढीच त्यांची उणीव आहे. फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत जा.

गृहस्थ : मासे नसताना खाद्य?

सेवानिवृत्त : ते कुजले पाहिजे. कुजल्याशिवाय अमोनिया नाही, आणि अमोनियाशिवाय जिवाणूंनी खायचे काय?

विक्रेता : सर म्हणतात ते शास्त्रात बरोबरच आहे. पण ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी बाटलीतले जिवाणू ठेवलेले आहेत.

सेवानिवृत्त : बाटलीवरची मुदत वाचून सांग पाहू.

विक्रेत्याने बाटली पुन्हा फळीवर ठेवली. चालू, निरोगी टाकीतील मूठभर खडी किंवा स्पंजाचा तुकडा विरजणासारखा नव्या टाकीत टाकल्यास नत्रचक्र लवकर बसते, ही तोड सेवानिवृत्ताने सुचविली. मात्र अशा विरजणाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही येऊ शकतो, हे सांगायचे तो विसरला. सल्ला देणाऱ्यांच्या प्रकारात अर्धा धोका सांगण्याची प्रथा जुनी आहे.

विक्रेता : बरे, मासा कोणता पसंत आहे ते तरी पाहा. हा शार्क घ्या. मुलांना फार आवडतो.

गृहस्थ : शार्क? चाळीस लिटरांत?

विक्रेता : आत्ता बोटाएवढाच आहे, साहेब.

सेवानिवृत्त : आत्ता. पुढे तो तीन फुटांपलीकडे जातो. आणि हा शार्क नव्हेच, हा पंगस. मासळीबाजारात हाच किलोवर मिळतो. दुकानात त्याला नगावर विकतात, एवढाच फरक.

गृहस्थ : म्हणजे आवडला तर ठेवायचा आणि कंटाळा आला तर...

सेवानिवृत्त : तेही पाहुण्यांसमोर नको.

विक्रेता : मग सकर न्या. टाकीतली सगळी घाण खातो, काच चाटून पुसून ठेवतो.

सेवानिवृत्त : शेवाळ खातो खरे, पण खातो त्याहून जास्त घाण करतो, आणि फूटभर वाढल्यावर काच चाटण्याऐवजी झाडे उपटतो.

दक्षिण अमेरिकेतील हा खरबरीत मासा टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत सोडतात, आणि म्हणूनच तो आता महाराष्ट्रातील जलाशयांतही मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळे फाटते आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते.

गृहस्थ : सरळ गोल्ड फिश घेतले तर? शेजारच्या काकूंचे म्हणणे, वास्तूसाठी नऊ हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा. घरावर येणारे संकट काळा मासा अंगावर घेतो.

सेवानिवृत्त : नऊ गोल्ड फिश चाळीस लिटरांत कोंबले तर संकट काळ्यापुरते थांबणार नाही.

आठ सोनेरी व एक काळा हा हिशेब चिनी फेंगशुईतला असून तो आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या ओट्यावर बसून विकला जातो. गोल्ड फिश हा थंड पाण्यातला, हातभर नसला तरी वीतभर वाढणारा आणि भरपूर अमोनिया टाकणारा मासा असल्यामुळे मराठवाड्याचा उन्हाळा आणि दोन फुटी टाकी या दोन्ही गोष्टी त्याला मानवत नाहीत. मत्स्यप्रेमाला आपल्या भागात जुनी परंपरा नाही असे मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे वेगळे प्रकरण असून माशांचे प्रकार आणि त्यांना घालायचे खाद्य यांची त्यात तपशीलवार माहिती येते. पण राजाला मासा गळाला लावायचा होता, काचेत जगवायचा नव्हता, त्यामुळे आठवड्याचे पाणी कसे बदलावे या बाबतीत तो ग्रंथ गृहस्थाच्या उपयोगी पडत नाही.

सेवानिवृत्त : मासा नंतर ठरवू. आधी सांगा, पाणी कोठले?

गृहस्थ : नळाचे, आले तर. नाही आले तर बोअरचे. बोअर आटला तर टँकरचे.

सेवानिवृत्त : म्हणजे तीन गावांचे पाणी, आणि मासा एकच.

या प्रश्नावर खरे तर संवाद सुरू व्हायला हवा होता. शहराला पाणी येते ते सुमारे पन्नास किलोमीटरांवरील पैठणच्या जायकवाडी धरणातून. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा नाथसागर जलाशय शहरापेक्षा खालच्या पातळीवर असल्याने पाणी पंपांनी वर चढवावे लागते, आणि ते घरोघर रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने केलेली नहर-ए-अंबरी डोंगराकडचे पाणी केवळ उतारावर, पंपाविना, शहरात आणीत असे, आणि पाणचक्कीचे हौद तर त्यांतील माशांसाठी प्रवाशांना परिचित आहेत. त्या माशांना पाण्याचा वार विचारावा लागला नाही. नळाला आलेल्या ताज्या पाण्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो, पण पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास तो बहुतांशी उडून जातो. पुढच्या पाळीपर्यंत पाणी हौदात साठवणे ज्या शहरात अटळ आहे, तेथे क्लोरीन घालविण्याचे काम पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकानेच मत्स्यपालकांसाठी विनामूल्य पत्करले आहे, असे म्हणता येते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण बेसाल्ट खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, ज्याला जडपणा म्हणतात आणि ज्याची पांढरी साक्ष प्रत्येक घरातील बादलीवर असते.

विक्रेता : मग निऑन टेट्रा न्या. निळी-लाल रेघ अशी चमकते की दिवा लावायला नको.

सेवानिवृत्त : अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा तो, त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. बोअरच्या पाण्यात त्याची चमक आठवडाभर टिकेल. जड पाण्यात सुखाने राहणारे मासे म्हणजे मॉली, प्लॅटी आणि गप्पी.

विक्रेता : (आवाज खाली आणून) गप्पी गटारीत सोडतात, सर. साहेबांकडे पाहुणे यायचे आहेत.

प्रतिष्ठेचा हा मुद्दा निर्णायक ठरला. गृहस्थ काहीही न घेता घरी गेला, मात्र सेवानिवृत्ताच्या सल्ल्यापैकी खाद्य टाकण्याचा भाग त्याने मनोभावे पाळला; फिल्टर मात्र, मासेच नाहीत तर वीज कशाला जाळायची या विचाराने, बंद ठेवला. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो हे त्याच्या लक्षात आले नाही. पाहुणे आले, त्यांनी कुजके खाद्य तरंगणारी टाकी पाहिली आणि सौजन्याने तिच्याविषयी काही विचारले नाही. नंतर पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्यसेविका घरोघरची पाण्याची भांडी तपासत तेथे पोहोचली.

आरोग्यसेविका : काका, हौद उघडा, ड्रम उघडा, कूलरमधले पाणी दाखवा. आणि ही काचेची टाकी कशाची?

गृहस्थ : शोभेची, ताई. सध्या तिच्यात जिवाणू वाढवणे चालू आहे.

आरोग्यसेविका : (बॅटरीचा झोत टाकून) जिवाणू काही दिसत नाहीत. अळ्या मात्र चांगल्या वाढल्या आहेत.

गृहस्थ : अळ्या?

आरोग्यसेविका : डासांच्या. थोडे थांबलात तर उडून दाखवतील. वॉर्डातल्या यादीत आता शोभेची टाकी असा रकाना नव्याने काढावा लागेल.

डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातील साठवलेल्या, स्थिर पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्यामुळेच आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते. जी भांडी रिकामी करता येत नाहीत, त्यांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले जातात. व्हेनेझुएला, त्रिनिदाद या बाजूचा हा बोटाच्या पेराएवढा मासा भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी डासांवरील उपाय म्हणूनच आणला गेला.

आरोग्यसेविका : हे घ्या गप्पी. काही हौदात, काही या टाकीत. पैसे लागत नाहीत.

गृहस्थ : दुकानात तर यांना गटारीतले म्हणतात.

आरोग्यसेविका : गटारीत जगतात, म्हणून तुमच्याकडेही जगतील.

या उत्तरातील मत्स्यशास्त्र निर्दोष आहे. गप्पीच्या पिशवीचे तोंड न उघडता ती पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगती ठेवावी, म्हणजे आतले व बाहेरचे तापमान जुळते. मग टाकीतील पाणी थोडे थोडे पिशवीत घालत मासे जाळीने उचलून सोडावेत आणि पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. सुरुवातीला चार-सहा मासेच ठेवावेत, फिल्टर चालू करावा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे आणि दर आठवड्याला पाव हिस्सा, म्हणजे दहा-बारा लिटर पाणी बदलावे; काढलेले पाणी तुळशीला घातल्यास पाण्याच्या हिशेबावरून घरात होणारा वाद पुष्कळ अंशी मिटतो. गृहस्थाने हे सर्व केले. टाकी भरली, आणि थोड्याच काळात ती गरजेपेक्षा जास्त भरली, कारण गप्पीची मादी पिल्लांनाच जन्म देते, महिन्याच्या अंतराने एका वेळी वीस-तीस पिल्ले सहज होतात, आणि एकदा झालेल्या मीलनातील शुक्राणू ती कित्येक महिने जपून ठेवू शकत असल्याने नर वेगळा काढूनही पिल्ले थांबत नाहीत. सेवानिवृत्ताने काही नेले, शेजारच्या काकूंनी नेमके नऊ मागून घेतले, आणि विक्रेत्याने उरलेले घेण्यास नकार देताना आपल्याकडे निऑन नव्याने आल्याचे कळविले.

ज्या वाचकांच्या टाकीत असे जास्तीचे मासे होतील, त्यांनी ते ओळखीच्या घरच्या झाकणबंद हौदात द्यावेत किंवा आरोग्य विभागाला विचारून परत करावेत. सलीम अली सरोवर, हर्सूल तलाव, खाम नदी वा नाथसागर यांपैकी कोठेही, मग तो गप्पी असो, सकर असो की शार्क म्हणून विकलेला पंगस असो, एकही मासा सोडू नये.