नळीभाऊ

बंदूक दिसली की साधा माणूस दोन पावलं मागे सरतो. नळीभाऊ दोन पावलं पुढे सरकतात, नळीच्या तोंडात करंगळी घालतात आणि ती हुंगतात. "गंज जुना म्हणता, पण तेजाबाचा वास अजून गेला नाही जी," एवढंच बोलतात. विकणाऱ्याचा चेहरा तिथेच उतरतो.

धानाची गिरणी मुलाच्या हवाली करून मोकळा झालेला, एका खिशात भिंग आणि दुसऱ्या खिशात लोहचुंबक बाळगणारा असा एक तरी गृहस्थ आमच्या भागात गावोगावी असतो. नळीभाऊ त्यातलेच. चुंबक कशाला? पितळी म्हणून सांगितलेल्या पट्ट्यांना तो चिकटला की भाव अर्धा होतो.

आमचं वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं ठाणं. दिवाळी झाली की मंडळ्यांची बुकिंगं सुरू होतात आणि गावोगाव रातभर नाटकं रंगतात. त्याचाच हा गुण असावा, पण इथे जुनी बंदूक एकटी कधी येत नाही, तीन अंक बरोबर घेऊन येते. पहिल्या अंकात आजा वाघाच्या मागावर जातो, दुसऱ्यात जमीनदार खूश होऊन बंदूक बक्षीस देतो आणि तिसऱ्यात विकणाऱ्याच्या मुलीचं लग्न निघतं. भाव तिसऱ्या अंकात कळतो. नळीभाऊ तिन्ही अंक डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी विचारतात, "आज्याचा परवाना आहे का? त्यावर बंदुकीचा नंबर असतो. गोष्टीत नंबर नसतो."

आमच्याकडे सगळ्यात जास्त बंदुका निघतात त्या बाबूराव शेडमाके यांच्या. मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदाराने १८५८ साली इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलं आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्या नावावर आजवर विकायला आलेल्या बंदुका तेव्हा खरोखर त्यांच्या हाती असत्या, तर इंग्रज चंद्रपूर सोडून पळाले असते.

अशीच एक मागे आली. गोणपाटात गुंडाळलेली, भाव दीड लाख. नळीभाऊंनी घोड्याखालची पोलादी पट्टी धोतराच्या सोग्याने पुसली, भिंग लावलं. मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीचं व्ही. आर., आणि साल १८६९.

"फाशीनंतर अकरा वर्षांनी पाठवली का इंग्रजांनी?"

"पट्टी मागून बदलली जी," पाहुणा डगमगला नाही.

"बरं. अन् हा दस्ता? विलायती बंदुकीला अक्रोडाचं लाकूड असते. हा साग आहे, आपल्या आलापल्लीकडचा."

"तोही बदलला."

"अन् हा फुलीचा स्क्रू? असे स्क्रू १९३० नंतरचे. आता सांगा, दीड लाख कशाचे? पट्टीचे, सागाचे का स्क्रूचे?"

पाहुण्याने चहा घेतला आणि बंदूक पुन्हा गोणपाटात घातली. पुढल्या हंगामात ती दुसऱ्या कुण्या वीराची होऊन येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसरी एक आली ती थेट राणीच्या फौजेतली म्हणून. तिच्यावरही व्ही. आर. होतं आणि साल १९०७. व्हिक्टोरिया राणी १९०१ सालीच वारली. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर असल्या नकला पिढ्यान् पिढ्या हाताने घडवत आले आहेत. हात एवढा बसलेला की बंदूक हुबेहूब उतरते, फक्त अक्षरं आणि सालं चुकतात. नळीभाऊंनी त्या कारागिराचं मनापासून कौतुक केलं आणि बंदूक परत केली.

कायद्याच्या बाबतीत मात्र माणूस कडक. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, हा शब्द कुणी हसत उच्चारत नाही. चालू शकणारी बंदूक ठासणीची असली तरी परवाना लागतोच. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या नमुन्याच्या हत्याराला तेवढी शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. परवाना नाही म्हटलं की नळीभाऊ बंदुकीला हातसुद्धा लावत नाहीत, आधी ठाण्याचा रस्ता दाखवतात.

२०२५ साली राज्य सरकारने नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना परत आणली, तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक माळ्यावरचं लोखंड रातोरात महाग झालं. त्या पात्यावर देवनागरीत सोन्याने नाव कोरलंय, हे नळीभाऊ येईल त्याला समजावत सुटले. "तुमच्यावर काय कोरलंय ते दाखवा, मग लाखाची गोष्ट करा."

एवढा पारखी माणूस, पण त्यांच्या स्वतःच्या बैठकीत एक बंदूक टांगलेली आहे. ती भोसल्यांच्या शिलेखान्यातली. तिच्यावर शिक्का नाही, साल नाही, नाव नाही. विचारलं तर म्हणतात, "राजाचा माल असाच. खूण ठेवतच नव्हते." एकदा एका नाटक मंडळीचे म्हातारे व्यवस्थापक बसायला आले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "भाऊ, ही तर आमच्या डाकूची! दुसऱ्या अंकात लागायची." नळीभाऊ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मंडळीने ती भोसल्यांकडूनच आणली असेल."

तेव्हा जुनी बंदूक घ्यायचीच असेल तर नळीभाऊंना जरूर सोबत न्या. खर्च फक्त चहाचा. त्यांच्या भिंतीवरच्या बंदुकीचा भाव मात्र विचारू नका. रघूजींची तलवार आल्यापासून तो अडीच लाख झाला आहे.