करंटवाले आप्पा

प्रत्येक जुन्या सोसायटीत एक गाडी अशी असते, जी रस्त्यावर कमी आणि बॉनेट उघडून उभी जास्त दिसते. तिच्यात कमरेपर्यंत शिरलेला गृहस्थ म्हणजे आप्पा. आप्पांचा चेहरा फार थोड्यांनी पाहिलाय. पाठ मात्र साऱ्या कोथरूडच्या ओळखीची आहे.

गाडी 1988 ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, स्टिअरिंगलाच गिअर असलेली. ही चालते का, असं विचारू नये. चालते. प्रश्न उभं राहण्याचा आहे. सिग्नलला थांबली की थरथरते, दोन उचक्या देते आणि बंद पडते. मागून हॉर्नचा गजर सुरू होतो. आप्पा खिडकीतून डोकं काढून शांतपणे खुलासा करतात, ‘‘मिसिंग मारतेय. तीन नंबर.’’

जुन्या गाड्यांच्या जगात दोन पंथ आहेत. आयडलिंग बिघडलं की पेट्रोलवाला स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरकडे धावतो आणि करंटवाला त्याच्याकडे कीव करत बघतो. आप्पा कट्टर करंटवाले. ‘‘कार्बोरेटरचे दहातले नऊ आजार डिस्ट्रिब्यूटरमध्ये असतात,’’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. उरलेला एक कॉइलमध्ये.

श्रीखंडाच्या डब्यात त्यांची हत्यारं असतात: फीलर गेज, पॉलिश पेपर, प्लगचा पाना आणि जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्टर. तपास बॅटरीपासून निघतो, किल्लीच्या स्विचवरून कॉइलपर्यंत पोचतो. मग कॅप उघडायची, पॉइंट घासायचे आणि त्यांच्यातली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर आणायची. गेज सापडलं नाही, तर लग्नपत्रिकेचा तुकडा चालतो. मात्र पत्रिका साधी हवी. भारीतली घातली की फट वाढते आणि टायमिंग पुढे सरकतं. त्यामुळे श्रीमंतांच्या लग्नांना आप्पा नुसतेच जेवून येतात.

मग त्यांची लाडकी चाचणी. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. काढल्यावर आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर तो कामचुकार. ‘‘आमच्या कचेरीत ही सोय असती,’’ आप्पा उसासा टाकतात, ‘‘तर साहेबांची वायर पहिली निघाली असती.’’

पावसाळ्यात कॅपमध्ये ओल धरते. तेव्हा आप्पा रात्री पार्किंगचे दिवे घालवून वायरींवर निळ्या ठिणग्या पळतात का, ते बघत उभे राहतात. नव्या वॉचमनने एकदा चोर समजून शिट्टी फुंकली. आप्पांनी त्यालाच आत बसवून रेस द्यायला लावली.

वायरिंगबद्दल मात्र जपून बोलावं. कंपनीचे रंग केव्हाच गेले. आता हॉर्नची वायर पिवळी, कॉइलची पिवळी आणि तिसरी एक पिवळी कुठेच जात नाही. ती काढायची नाही, कारण काढल्यावर गाडी सुरू होईना.

समोरच्या विंगेतले अँबॅसिडरवाले भाऊसाहेब पेट्रोलपंथी. एका रविवारी ते दाढीचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन आले. ‘‘अहो, मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा ओढतेय. पाणी लावल्यावर आवाज बदलला, की चोर तिथेच.’’ त्यांनी ब्रश फिरवला आणि आवाज खरोखर बदलला; थरथर क्षणभर थांबली. खाली जमलेली मंडळी आप्पांकडे बघू लागली. आप्पा म्हणाले, ‘‘साबणाने अर्थिंग सुधारलं.’’

हा वाद मिटवला तो सरकारने. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील असल्या पेयासाठी बनलेलेच नाहीत. दोन्ही पंथांना अखेर समान शत्रू मिळाला आणि दोन पाठी एकाच बॉनेटखाली दिसू लागल्या. ‘‘उसाची मळी पाजायला ही गाडी आहे की गुऱ्हाळ?’’ आप्पा गरजायचे आणि भाऊसाहेब ‘‘अगदी, अगदी’’ म्हणून स्क्रू पाव फेरा फिरवून घ्यायचे. आप्पा ते पाहूनही सोडून द्यायचे. युतीत एवढं चालतंच.

परवा सांगलीहून आप्पांचे साडू आले. उसाचे बागायतदार, वर साखर कारखान्याचे सभासद. दोघांनी त्यांना गाडीपाशीच गाठलं आणि साखर सम्राटांपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा हिशेब मांडला. साडूंनी सगळं ऐकून घेतलं. वाकून इंजिनाचा आवाजही ऐकला. मग म्हणाले, ‘‘आप्पा, ऊस राहू द्या बाजूला. पॉइंट बघितले का?’’

आप्पांनी जागच्या जागी ऊस, कारखाने आणि केंद्र सरकार या सगळ्यांना माफ केलं. भाऊसाहेब मात्र ब्रश उचलून चहा न घेताच निघून गेले.